पावतीपुस्तक क्रमांक तीन

कार्बन उलटा घातला होता, म्हणून पहिली पावती
स्वतःच्याच पाठीवर उमटली, आरशात बघावी तशी:
कुंदावाल्या शिवलीलाबाई, पाचशे एक रुपये फक्त.
वर पाव किलो कुंदा, त्याची पावती नको म्हणाल्या.
"घोडं कशाला उडी मारूलालंय ते मला कळंना.
पोरांच्या कानासाठी म्हणताय न्हवं, मग लिवा की."

पोरं चौदा, वडगावच्या शाळेतली.
मशीनं चौदा, कानामागे लावायची,
एकेकाची किंमत एका बऱ्या तट्टाएवढी.
हा हिशेब रिसालदार भरमाण्णांचा, ते सगळं घोड्यांत मोजतात.
निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली,
अजून प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात
ते खोगिरावर बसल्यासारखे.

उद्यमबागेत फौंड्रीवाले किल्लेकर म्हणाले,
शोला टीव्हीवाले येणार काय?
मी म्हटलं, दहा घोडे येणार.
त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.
मग मार्च एंड निघाला, लाइट बिल निघालं,
कोल्हापूरच्या पार्टीनं थकवलेली रक्कम निघाली,
आणि आम्ही चपला घालताना म्हणाले,
बिडाचे आठ खांब नेता का, भंगारातले,
अडथळ्यांच्या दांड्या टेकवायला?
भरमाण्णांनी एक हातात तोलून बघितला. "चालतंय."
पावतीवर मी लिहिलं: वस्तुरूपाने.

खडे बाजारातला कापडवाला म्हणाला, नाव कन्नडात मोठं घाला,
न्हाईतर कोण तरी येऊन दंगा करतंय.
गणपत गल्लीतला सोनार म्हणाला, नाव मराठीत मोठं घाला,
न्हाईतर गिऱ्हाईक विचारतंय.
दोघांनाही मी हो म्हणालो.
बॅनर सहा बाय दहाचा होता, आठ बाय पंधराचा झाला.

स्टेशन रोड मी शेवटपर्यंत टाळला.
जिथं आता कलघटगी ऑटो स्पेअर्स आहे
तिथं टांग्यांचा अड्डा होता, दगडी डोणी होती,
आणि अकराव्या नंबरला आमचे अप्पा,
रिक्षा आल्यावरही पाच वर्षं
गाडीच्या वेळेला घोडी जुंपून उभे.
घोडी साखरी. उजव्या डोळ्यात फूल पडलेली.
शेवटी कुणाला विकली
ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही.

गुरुपादप्पा कलघटगींनी पत्रकाची मराठी बाजू वाचली,
उलटून कन्नड वाचली,
पुन्हा मराठी, हिशेबात फरक शोधावा तशी.
"तू पुंडलिक टांगेवाल्याचा काय?"
होय म्हटलं.
"त्याच्याच टांग्यातनं शाळेला जायचो मी.
चौथीत अकरा महिने पैसे गेले न्हाईत आमच्या घरातनं.
एक दिवसबी खाली उतरिवलं न्हाई त्यानं."

बाहेर कुणीतरी क्लचची तार मागत होतं.
त्यांनी चेक लिहिला. आकडा मी दोनदा वाचला.
तीन मशीनं. भरमाण्णा बाजूला पुटपुटले: तीन तट्टं.
"नाव कुठल्या भाषेत घालू?"
"नाव नको. जागा मातर सोड."
"केवढी?"
त्यांनी दोन्ही हात पसरले,
टांग्याच्या मागच्या पाटावर
चार पोरं दाटीनं मावतील, एवढे.

आता बॅनर लागलाय अनगोळच्या मैदानावर.
कापड, सोनं, कुंदा, बीड,
आणि मधोमध एक पांढरी चौकट,
येईल तो विचारतोय, इथलं कोण राहिलं हो?
प्रिंटर म्हणाला, कोरी असली तरी पैसे फुटावर.
दिले. उलट त्याच्याकडून पावती घेतली.

धुळीत पहिला घोडा कुठं आहे ते दिसत नाही अजून.
लाउडस्पीकरवर भरमाण्णा खोकतायत.
कठड्याच्या लोखंडी नळीला तळवे लावून
चौदा पोरं एकदम त्या बाजूला वळली.